ए-४००एम : कामाची वाटणी झाली, जबाबदारीची राहून गेली

२६ जून २००८ रोजी स्पेनमधल्या सेव्हिलच्या कारखान्यातून ए-४००एम हे चार इंजिनांचं लष्करी मालवाहू विमान समारंभाने बाहेर आणलं गेलं. राजे हुआन कार्लोस हजर होते, ते मागवणाऱ्या सात देशांचे प्रतिनिधी होते, भाषणं झाली. विमानाच्या पंखांवर इंजिनं बसवलेली दिसत होती, पण त्या जातीचं एकही इंजिन तोवर हवेत गेलेलं नव्हतं. ते पहिल्यांदा उडालं डिसेंबरमध्ये, तेही या विमानावर नव्हे, तर इंग्लंडमध्ये केंब्रिजला हर्क्युलिस या जुन्या अमेरिकन मालवाहू विमानाच्या पंखावर चाचणीसाठी लावून. समारंभातलं विमान स्वतः उडालं ११ डिसेंबर २००९ ला. मूळ वेळापत्रकाप्रमाणे त्या वर्षी पहिलं विमान फ्रान्सच्या हवाई दलाच्या हाती पडायचं होतं.

ए-४००एमची गोष्ट सहसा ‘उशीर झाला, खर्च वाढला’ एवढ्यावर संपवली जाते. ते खरं आहे, पण त्यातून काही कळत नाही. मित्रदेशांनी मिळून शस्त्रसामग्री बनवायची ठरवली की घोडं नेमकं कुठे पेंड खातं, हे पाहायला या प्रकरणाइतकं उघडं उदाहरण दुसरं नाही. इथे देश गरीब नव्हते, कारागीर कच्चे नव्हते, एकमेकांशी वैर नव्हतं. तरीही २००९ मध्ये हा सगळा प्रकल्प गुंडाळण्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला.

गरज खरी होती

पश्चिम युरोपच्या हवाई दलांकडे मालवाहतुकीसाठी मुख्यतः दोन विमानं होती. एक अमेरिकेचं सी-१३० हर्क्युलिस, ज्याचा पहिला नमुना १९५४ मध्ये उडाला. दुसरं फ्रान्स आणि जर्मनीने मिळून केलेलं सी-१६० ट्रान्साल, १९६३ चं. दोन्ही म्हातारी होत चालली होती. हर्क्युलिस साधारण वीस टन नेतं. त्यावरचं अमेरिकन सी-१७ सत्तर टनांच्या पुढे नेतं, पण ते जेट आहे आणि महाग आहे. मधली जागा रिकामी होती. १९८२ मध्ये फ्रान्सची एरोस्पासियाल, ब्रिटिश एरोस्पेस, जर्मनीची एमबीबी आणि अमेरिकेची लॉकहीड या चार कंपन्या या रिकाम्या जागेसाठी एकत्र आल्या. १९८९ मध्ये लॉकहीड बाहेर पडली आणि आपल्याच हर्क्युलिसची नवी आवृत्ती काढायच्या मागे लागली. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

पुढची दहा-बारा वर्षं कागदावर गेली. या काळात मागण्यांची यादी वाढत राहिली, आणि ती कशी वाढली हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. विमानाने ३७ टनांपर्यंत ओझं न्यावं, म्हणजे चिलखती वाहन अख्खंच्या अख्खं पोटात मावेल. मातीच्या धावपट्टीवर उतरावं. डोंगरदऱ्यांत जमिनीला चिकटून उडावं. दोन्ही बाजूंच्या दारांतून छत्रीधारी सैनिकांनी एकाच वेळी उड्या माराव्यात. लढाऊ विमानांना हवेत इंधन द्यावं, हेलिकॉप्टरांनाही द्यावं. आणि एवढं करून प्रवासी विमानांना लागतं ते नागरी प्रमाणपत्रही मिळवावं.

यातली एकेक मागणी रास्तच आहे. पण प्रत्येक मागणीमागे एखादा देश उभा होता, आणि ती काढून टाकायचा अधिकार कुणाकडेच नव्हता. एकट्या देशाच्या प्रकल्पात हवाई दलप्रमुख आणि अर्थखातं भांडतात आणि शेवटी कुणीतरी यादीवर काट मारतं. सात देशांच्या टेबलावर दुसऱ्याच्या मागणीवर काट मारणं म्हणजे त्याची मागणी असलेली विमानंही गमावणं. म्हणून कुणी मारत नाही. हेलिकॉप्टरला इंधन देण्याची मागणी पुढे फार महागात पडली: विमानामागची हवा इतकी घुसळून निघायची की हेलिकॉप्टरला नळीशी जवळीक साधणं धोक्याचं ठरलं. दोन दारांतून एकदम उड्या मारणाऱ्या सैनिकांच्या बाबतीतही तसंच झालं. विमानामागे ते एकमेकांवर आदळण्याची भीती होती. दोन्ही अडचणी सोडवायला सेवेत आल्यानंतरची अनेक वर्षं गेली.

आकड्यांचा खेळ

२७ मे २००३ रोजी एअरबसशी करारावर सह्या झाल्या. एकूण १८० विमानं: जर्मनी ६०, फ्रान्स ५०, स्पेन २७, ब्रिटन २५, तुर्कस्तान १०, बेल्जियम ७ आणि लक्झेंबर्ग १. रक्कम सुमारे २० अब्ज युरो. सात देशांच्या वतीने सही केली ती संयुक्त शस्त्रखरेदी सांभाळणाऱ्या ओकार या संस्थेने. फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन यांनी १९९६ मध्ये ती स्थापन केली, मुख्यालय बॉनला.

हे आकडे सरळ गरजेतून आले असते तर प्रश्नच नव्हता. जर्मनी आधी ७३ विमानं घेणार होती. पण त्यांच्या संसदेने मंजूर केलेल्या पैशात ७३ बसत नव्हती; वाद चिघळला आणि आकडा ६० वर आला. इटली १६ घेणार होती, २००१ मध्ये बाहेर पडली. पोर्तुगाल ३ घेणार होता, तोही गेला. जो देश जितकी विमानं मागतो तितका कामाचा वाटा त्याच्या कारखान्यांना, हा या व्यवहारातला जुना हिशेब. म्हणून सुरुवातीला मागणी फुगवून सांगायची, वाटा पदरात पाडायचा आणि मग मागणी कमी करायची, हा मोह सगळ्यांनाच असतो. जर्मनीने तो मुद्दाम केला असं मी म्हणत नाही. पण व्यवस्थाच अशी होती की तसं करणाऱ्याला तोटा नव्हता.

इथे एक गंमत आहे. ओकारची स्थापनाच मुळी हा हिशेब मोडण्यासाठी झाली होती. तिच्या स्थापनेच्या करारात लिहिलं आहे की प्रत्येक प्रकल्पात पै-पै जुळवायची नाही, अनेक प्रकल्पांत मिळून अनेक वर्षांत तोल साधायचा. लिहिणाऱ्यांना रोग पुरता कळला होता. पण विमान बनवायची वेळ आली तेव्हा पंख ब्रिटनमध्ये फिल्टनला, धडाची जुळणी ब्रेमेनला, नाकाचा भाग फ्रान्सला, उभी शेपटी जर्मनीत, धडाचे काही भाग तुर्कस्तानात आणि शेवटची जुळणी सेव्हिलला. या वाटणीत तितकंसं वाईट काही नाही. एअरबसची प्रवासी विमानं अशीच बनतात आणि उत्तम बनतात. पंख कोण करतो हा प्रश्न सोपा आहे. पंखात चूक झाली तर निस्तरायची कुणी, हा अवघड. त्याचं उत्तर देताना सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. इंजिनाच्या बाबतीत ते उघडं पडलं.

इंजिन

या विमानाला सुमारे ११,००० अश्वशक्तीची चार टर्बोप्रॉप, म्हणजे पात्यांचा पंखा फिरवणारी, इंजिनं हवी होती. पश्चिमेत इतकं शक्तिशाली टर्बोप्रॉप तोवर कुणी बनवलंच नव्हतं. एअरबसपुढे दोन प्रस्ताव होते: कॅनडातल्या प्रॅट अँड व्हिटनीचा, आणि युरोपातल्या चार कंपन्यांनी मिळून खास यासाठी उभ्या केलेल्या युरोप्रॉप इंटरनॅशनलचा. कॅनडाचा प्रस्ताव स्वस्त होता आणि एअरबसचा कल त्याकडे होता. पण युरोपच्या पैशाने होणाऱ्या युरोपच्या विमानाचं काळीज अटलांटिकपलीकडून यावं, हे सरकारांच्या पचनी पडलं नाही. युरोपच्या चौघांनी किंमत खाली आणली आणि मे २००३ मध्ये काम त्यांना मिळालं.

सरकारांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. संकटाच्या काळात इंजिनाचे सुटे भाग दुसऱ्या खंडावर अवलंबून ठेवायचे का, हा संरक्षणाचा खरा प्रश्न आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजायला हरकत नाही. पण मग ते मोजणाऱ्याने ‘हा निर्णय माझा, त्याची जोखीम माझी’ असं म्हणायला हवं होतं. झालं उलटं. इंजिन कुठलं घ्यायचं यात सरकारांनी हात घातला आणि इंजिनाच्या उशिराची जबाबदारी करारात कंपनीच्या गळ्यात राहिली. कंपनीच्याही मनात कायम एक पळवाट उघडी राहिली: इंजिन आम्ही कुठे निवडलंय?

युरोप्रॉपच्या आत पुन्हा वाटणी. रोल्स-रॉइस, फ्रान्सची स्नेकमा, जर्मनीची एमटीयू आणि स्पेनची आयटीपी. चौघांपैकी एकेकटी कंपनी जगातली उत्तम इंजिनं करते. पण मोठ्या टर्बोप्रॉपचा ताजा अनुभव कुणालाच नव्हता, आणि चौघांत वडीलकीचा मान कुणालाच नव्हता. गिअरबॉक्स आला इटलीच्या अविओ कंपनीकडून. म्हणजे प्रकल्पातून बाहेर पडलेल्या देशाकडे विमानातला एक अत्यंत नाजूक भाग राहिला. याला कुणी दुष्टपणा म्हणू नये; उपकंत्राटांच्या साखळीत असं होतंच. पण मुख्य टेबलावर बसलेल्या सात सरकारांपैकी एकाचाही त्या कारखान्यावर थेट वचक नव्हता.

यंत्र चाललं, अडलं ते सॉफ्टवेअर. इंजिनावर हुकूम चालवणाऱ्या संगणकप्रणालीला युरोपच्या नागरी विमान सुरक्षा संस्थेचं प्रमाणपत्र लागत होतं. या संस्थेची मागणी प्रणाली नीट चालते एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक ओळ का लिहिली, कोणत्या गरजेतून आली, कशी तपासली, हे सगळं मागोवा घेता येईल असं मांडावं लागतं. लष्करी कामाची सवय असलेल्यांना त्याची खोली उशिरा कळली आणि पुष्कळ काम नव्याने करावं लागलं. इंजिनाला प्रमाणपत्र मिळालं मे २०११ मध्ये.

नागरी प्रमाणपत्राचा आग्रह मुळात शहाणपणाचाच होता. सात देशांच्या सात लष्करी खात्यांकडून सात वेळा तपासून घेण्यापेक्षा एकदाच, एका मान्य संस्थेकडून. सहकार्यात याहून चांगली कल्पना शोधून सापडणार नाही. फक्त ती अट करारात लिहिताना तिच्यासाठी किती काम आणि किती वेळ लागेल, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

करार तुटायला आला तेव्हा

करार ठरावीक किमतीचा होता. विकास आणि उत्पादन एकाच करारात, जणू विमान कपाटात तयार आहे आणि फक्त नग मोजून द्यायचे आहेत. सरकारांना हे हवं होतं, कारण आधीच्या प्रकल्पांत खर्चाची शिडी चढत गेलेली त्यांनी पाहिली होती. कंपनीनेही ते मान्य केलं, कारण काम हवं होतं. प्रवासी विमानं बनवण्याचा अनुभव आहे, मग हेही जमेल, असा आत्मविश्वास होता. तो महागात पडला.

पहिलं उड्डाण ठरल्या मुदतीनंतर एका हद्दीपलीकडे लांबलं तर देशांना करार मोडून आगाऊ दिलेले पैसे परत मागता येणार होते. २००९ च्या सुरुवातीला ती हद्द जवळ आली. ईएडीएसने, म्हणजे एअरबसच्या तेव्हाच्या पालक कंपनीने, निदान तीन वर्षांचा उशीर जाहीर केला आणि करार नव्याने करू असं म्हटलं. देशांनी काही महिने हात राखून ठेवायचं मान्य केलं, मग आणखी काही महिने. जानेवारी २०१० मध्ये एअरबसचे प्रमुख टॉम एंडर्स यांनी पैसे मिळाले नाहीत तर प्रकल्प बंद करण्याची भाषा केली.

या क्षणी करारातली धमकी पोकळ आहे हे सर्वांना कळलं. करार मोडून पैसे परत घेतले तर कंपनी गोत्यात, हजारो कामगार रस्त्यावर, तेही त्याच देशांचे. आणि हाती विमान नाहीच. मार्च २०१० मध्ये तडजोड ठरली: किंमत २ अब्ज युरोंनी वाढली, आणखी १.५ अब्ज देशांनी पुढच्या निर्यातीतून वसूल करण्याच्या बोलीवर दिले. जर्मनीची मागणी ५३ वर आली, ब्रिटनची २२ वर. एकूण १७०. सुधारित करारावर सह्या एप्रिल २०११ मध्ये झाल्या. या काळात दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर २००९ मध्ये आपली ८ विमानांची मागणी रद्द केली होती. ज्या निर्यातीच्या आशेवर दीड अब्ज दिले गेले, तिथूनच पहिला गडी निघून गेला होता.

ठरावीक किंमत म्हणजे जोखीम विकत घेणाऱ्याकडून बनवणाऱ्याकडे सरकवणं. पण बनवणारा मोडला तर विकत घेणाराच मोडतो, अशा ठिकाणी जोखीम सरकत नाही. ती फक्त काही वर्षं दिसेनाशी होते. पहिलं विमान फ्रान्सला ऑगस्ट २०१३ मध्ये मिळालं.

सेव्हिल, ९ मे २०१५

तुर्कस्तानसाठी तयार झालेलं एक विमान सेव्हिलहून चाचणीसाठी निघालं आणि काही मिनिटांत विमानतळाजवळ कोसळलं. सहापैकी चार जण गेले. चौकशीत समोर आलं ते असं: चारपैकी तीन इंजिनांच्या संगणकांत टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मोजण्यासाठी लागणारी जुळवणीची माहिती सॉफ्टवेअर भरताना पुसली गेली होती. जमिनीवर असताना वैमानिकांना त्याचा पत्ता लागत नव्हता. हवेत गेल्यावर इंजिनांना आपण किती जोर लावतो आहोत हेच कळेना, आणि शक्ती कमी केल्यावर ती परत वाढली नाही.

अपघाताचं खापर सहकार्यावर फोडणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. एकट्या देशाच्या कारखान्यातही असं होऊ शकतं. पण इंजिन एकाचं, त्याची प्रणाली दुसऱ्याची, भरणारा तिसरा, अशी रचना असते तेव्हा सांधे वाढतात. आणि चूक नेहमी सांध्यात शिरते. २०१६ मध्ये इटलीहून आलेल्या गिअरबॉक्सचा प्रश्न उभा राहिला आणि तपासण्यांसाठी विमानं वरचेवर थांबवावी लागली. एअरबसने २०१६ साठी २.२ अब्ज आणि २०१७ साठी १.३ अब्ज युरोंचा तोटा या विमानापोटी हिशेबात दाखवला.

मग सुधारलं काय

बरंच सुधारलं, आणि ते बहुतेक शांतपणे. सगळी यादी एकदम पूर्ण करून द्यायची हट्टाची भूमिका सुटली. आधी माल वाहतूक, मग हवेतून माल टाकणं, मग इंधन, अशा पायऱ्यांनी क्षमता द्यायचं ठरलं. हे २००३ मध्येच केलं असतं तर भांडण निम्मं वाचलं असतं.

दुसरी गोष्ट वापरातली. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला २०१० मध्ये युरोपचं संयुक्त हवाई वाहतूक कमांड सुरू झालं. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आधी. लक्झेंबर्ग, स्पेन, इटली नंतर. एका देशाचं विमान दुसऱ्याचा माल घेऊन जातं. लक्झेंबर्गचं एकुलतं एक विमान बेल्जियमच्या सात विमानांबरोबर ब्रुसेल्सजवळच्या मेल्सब्रुक तळावर एकाच तुकडीत राहतं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलहून आणि एप्रिल २०२३ मध्ये सुदानहून लोकांना काढताना अनेक देशांची ए-४००एम विमानं राबली, आणि तिथे त्यांनी आपलं नाणं खणखणीत असल्याचं दाखवलं. विमान वाईट कधीच नव्हतं.

तुलनेसाठी मेटिऑर क्षेपणास्त्र घ्या. २००२ च्या डिसेंबरमध्ये करार; ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन, स्वीडन असे सहा देश. पण करार ब्रिटनच्या संरक्षण खात्याने सर्वांच्या वतीने केला आणि मुख्य कंत्राटदार एकच, एमबीडीए. टप्पे ठरलेले, प्रत्येक टप्प्यावर बाहेर पडण्याचा खरा हक्क राखलेला. सहाही देशांना क्षेपणास्त्र एकच. उशीर त्यालाही झाला. २०१६ मध्ये ते स्वीडनच्या ग्रिपेन विमानावर सेवेत आलं. तरी फोन कुणाला लावायचा हे सहा देश पहिल्या दिवसापासून जाणून होते.

आणखी एक उदाहरण, तेही आइंडहोव्हनचंच: नाटोच्या मालकीचा ए-३३० टँकर, म्हणजे हवेत इंधन देणाऱ्या, विमानांचा ताफा. नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गने २०१६ मध्ये सुरुवात केली, मग जर्मनी, नॉर्वे, बेल्जियम, चेकिया आले. इथे देश विमानं घेत नाहीत, उड्डाणाचे तास घेतात. खरेदी हाताळली ती त्याच ओकारने. संस्था तीच, निकाल वेगळा. अर्थात विमान तयार होतं, शोध लावायचा नव्हता, हा फरक विसरून चालणार नाही.

ब्रिटन, इटली आणि जपान नव्या लढाऊ विमानासाठी एकत्र आले तेव्हा त्यांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये वेगळा आंतरराष्ट्रीय करार करून ब्रिटनमध्ये मुख्यालय असलेली स्वतंत्र संस्था उभी करायचं ठरवलं. कंपन्यांच्या बाजूनेही तिघांचा समान वाटा असलेली एकच कंपनी. समान वाटा म्हणजे एकमत नव्हे, आणि तिघांच्या भांडणात शेवटचा शब्द कुणाचा हे अजून कसाला लागलेलं नाही. पण निदान खुर्ची आधी मांडली, मग काम वाटायला घेतलं. ए-४००एममध्ये क्रम उलटा होता.

राहिलं ते हेलिकॉप्टरला इंधन देण्याचं काम. ते वेळेत जमेना म्हणून फ्रान्सने २०१६ मध्ये चार सी-१३०जे, म्हणजे हर्क्युलिसची तीच नवी आवृत्ती, मागवली. ट्रान्साल निवृत्त होत असताना छोट्या धावपट्ट्यांसाठी जर्मनीलाही तेच विमान हवं होतं. त्यांनी सहा मागवली. दोघांनी मिळून फ्रान्समध्ये एव्र्यूला एक तुकडी उभी केली. विमानं एकाच जातीची, फ्रेंच आणि जर्मन वैमानिक एकाच विमानात शेजारी बसतात, प्रशिक्षण आणि दुरुस्तीची व्यवस्था एकच. विमान बनवलं लॉकहीडने, जी १९८९ मध्ये टेबलावरून उठून गेली होती.